फोन रिसेट मारायच्या आधी जीमेलचा पासवर्ड वहीत आहे का, ते बघा

आमच्या काउंटरवर रोज एकदा तरी हे बोलणं होतं. "फोन रिसेट मारला, आता जुना जीमेल मागतोय." पासवर्ड काय होता? "पासवर्ड नव्हताच, फोन घेतला तिथल्या मुलानंच काहीतरी टाकलं होतं." म्हणून हे पत्रक छापलं आहे.

पासवर्ड होता. फोन घेतला त्या दिवशी कुणीतरी घाईघाईत तुमचं जीमेल उघडलं, तुमचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन असं काहीतरी टाकलं. नंतर तीन-चार वर्षं फोननं तो विचारलाच नाही. पॅटर्न विसरला आणि घरातल्या पोरानं पॉवर-व्हॉल्यूमची बटणं दाबून फोन कोरा केला, की मग तो विचारतो. २०१५ साली अँड्रॉइड ५.१ पासून ही सोय आली. चोरलेला फोन कोरा करून विकता येऊ नये, हा तिचा हेतू.

"यूट्यूबवर दाखवतात तसं बायपास करून द्या" असा आग्रह होतो. म्हणजे जुना पासवर्ड न टाकताच फोन उघडायचा. ते आम्ही करत नाही, आणि यावरून काही ग्राहक नाराजही झाले आहेत. पण समोरचा फोन कुणाचा हे न बघता आम्ही उघडून द्यायला लागलो, तर उद्या तुमचा हरवलेला फोनही कुणीतरी इथूनच उघडून नेईल. शिवाय बायपासनं फोन चालू झाला तरी फोटो आणि नंबर त्या जुन्या जीमेलमध्येच अडकलेले राहतात. बिल आणि खोका घेऊन या. खोक्यावरचा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, जुळला, की कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं काम कसं करायचं ते आम्ही सांगू.

त्याआधी खातं परत मिळवायचा प्रयत्न दुकानात नको, घरी करा. तुम्ही नेहमी वापरता ते वायफाय आणि आधी लॉगिन केलेला फोन किंवा लॅपटॉप असेल, तर गूगल लवकर ओळखतं. आमच्या कॉम्प्युटरवर तेच खातं त्याला परकं वाटतं. म्हणून आम्ही कधी कधी घरी पाठवतो, टाळतो असं समजू नका. अडकलेल्या फोनमधलं सिम काढून साध्या फोनमध्ये घाला, ओटीपी तिथे येईल. अंदाजानं पासवर्ड टाकत बसू नका, फार वेळा चुकलं की काही तास थांबावं लागतं.

ओटीपी मात्र चालू नंबरवरच येणार. खात्याला जोडलेला नंबर कुठला आहे ते आजच बघा. रिचार्ज न केलेलं सिम कंपनी बंद करते, आणि बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. मग तुमच्या खात्याचा ओटीपी त्या माणसाकडे जातो. बाकीच्या बऱ्याच खात्यांचा पासवर्ड बदलायची लिंक जीमेलवरच येते, म्हणून हे खातं आधी नीट करा.

आता पासवर्ड. मुलाचं नाव आणि जन्मसाल, गाडीचा नंबर, मोबाईल नंबर हे ओळखीतला कुणीही सांगेल. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या, कढीपत्ता, जिना, टमटम, आषाढ असे, आणि मध्ये टिंब द्या. हेच चार मात्र घेऊ नका, हे पत्रक गावभर जाणार आहे. लांबी जितकी जास्त तितकं चांगलं. उगाच दर तीन महिन्यांनी बदलायची गरज नाही, कुणाला कळल्याची शंका आली तर लगेच बदला. जीमेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका. एखाद्या खरेदीच्या साइटवरून तो फुटला, की चोर तोच जीमेलवर टाकून बघतात.

आणि लिहून ठेवा. घरातल्या वहीत लिहिलेला पासवर्ड विसरलेल्यापेक्षा बरा. मोबाईलच्या कव्हरमध्ये चिठ्ठी मात्र नको. मागच्या महिन्यात एक काका चिठ्ठी घेऊन आले. शेवटचं अक्षर ओ की शून्य, ते त्यांनाच लागेना. मधल्या 'व'ला व्ही होता की डब्ल्यू, तेही आठवेना. अर्धा तास गेला, शेवटी डब्ल्यू निघाला. मराठी शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं असतं, म्हणून जसं टाइप केलं अगदी तसंच लिहा आणि शून्याला तिरकी रेघ मारा. टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) चालू केल्यावर गूगल अडीअडचणीला वापरायचे दहा बॅकअप कोड देतं, तेही त्याच पानावर उतरवा. एक कोड एकदाच चालतो.

आमच्याकडे नवा फोन घेतला की खातं तुम्हीच तुमच्या हातानं उघडायचं, आम्ही बाजूला उभे राहून सांगतो. यात वीस-पंचवीस मिनिटं जातात, गर्दीत लोक कुरकुरतात, पण तुमचा पासवर्ड आम्हाला माहीत नसावा म्हणूनच ही पद्धत ठेवली आहे. ओटीपी आणि यूपीआय पिन तर आम्हालाही सांगू नका. पैसे घ्यायला पिन लागत नाही, मागणारा फसवतोय असंच समजा. पैसे गेलेच तर आमच्याकडे यायच्या आधी १९३० ला फोन करा.

दुसरीकडे घेतलेल्या फोनचं खातं, नंबर आणि बॅकअप बघून देण्याचे १०० रुपये घेतो, आमच्या ग्राहकांना ते मोफत. दुपारी दोन ते चार गर्दी नसते, तेव्हा या. येताना चालू सिम आणि एक वही आणा.