खोबरेल गोठतं, तसं पापणीतलंही

गेल्या डिसेंबरात आई पोवई नाक्याजवळच्या नेत्रतज्ज्ञांकडून परत आली ती फणकारतच. "रुमाल भिजून चिंब होतोय माझा आणि हे म्हणतात, डोळे कोरडे आहेत!" सकाळी साताऱ्याच्या 'चार भिंती' टेकडीपर्यंत फिरायला गेलं आणि वर गार वारा लागला, की तिच्या दोन्ही डोळ्यांना धार लागायची. घरी पेपर घेऊन बसली की डोळ्यांत बारीक वाळू गेल्यासारखं टोचायचं. शेजारच्या काकूंनी तर निदान केव्हाच करून टाकलं होतं: अंगात उष्णता वाढलीय.

आईची शंका रास्त होती. पाणी वाहतंय तो डोळा कोरडा कसा? पण वाहणारं पाणी आणि डोळ्यावर टिकणारं पाणी यांत फरक आहे. बुबुळावरचा ओलाव्याचा पापुद्रा जागोजाग फाटला की उघडी पडलेली जागा चुरचुरते, नसा मेंदूकडे तक्रार नेतात आणि वरच्या पापणीमागची अश्रुग्रंथी एकदम मोठा लोट सोडते. तो गालावरून वाहून जातो. रोपाला ठिबक हवं होतं, आपण पाट सोडला. अर्ध्या मिनिटानं डोळा पुन्हा होता तसाच.

डॉक्टरांनी आधी खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून ५ मिनिटं ठेवली. ती १८ मिलिमीटर भिजली. साधारण १० च्या पुढे गेली की पाणी पुरेसं आहे असं धरतात, म्हणजे पाण्याचा तुटवडा नव्हता. मग पिवळा रंग घालून निळ्या उजेडात पाहिलं. पापणी न लववता ओलाव्याचा थर किती वेळ अखंड राहतो ते त्यात दिसतं. १० सेकंद टिकला तर ठीक. आईचा चौथ्या सेकंदाला फाटला. शेवटी त्यांनी खालच्या पापणीची कड बोटानं हलकेच दाबली. तिथून पातळ तेलाचा थेंब यायला हवा होता. आलं ते ट्यूबमधून टूथपेस्ट यावी तसं पांढरं आणि घट्ट.

त्या थेंबाची गोष्ट सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतलाय.

आरशात अगदी जवळून पाहिलं तर पापणीच्या कडेवर, केसांच्या रांगेच्या आतल्या बाजूला, टाचणीच्या टोकाहून बारीक ठिपक्यांची एक रांग दिसते. ती तेलग्रंथींची तोंडं. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० ग्रंथी असतात, खालच्या पापणीत २० ते ३०. जर्मन वैद्य हाइनरिख मायबोम यानं १६६६ मध्ये त्यांचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्या मायबोमियन ग्रंथी. या ग्रंथींमधल्या पेशी तेल गाळून बाहेर सोडत नाहीत. पेशी चरबीनं भरत जाते, फुगते आणि शेवटी फुटते. आख्खी पेशीच तेल होऊन नळीत उतरते. आपण पापणी लववतो तेव्हा पापणीतले स्नायू ग्रंथी दाबतात आणि तेल कडेवर येतं. पापणी वर जाताना ते पाण्यावर पसरतं.

पसरलेला थर किती पातळ असतो? डोळ्यावरचा सगळा ओलावा मिळून सुमारे ३ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या वीसेक हिश्श्यांपैकी एक. त्यावरचं तेल तर साधारण शंभर नॅनोमीटरच्याही आत, आणि नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग. पावसाळ्यात एसटी स्टँडवरच्या डबक्यावर सांडलेल्या डिझेलचे रंग पाहिलेत ना? पातळ थरावर पडलेल्या उजेडाची तीच करामत इथेही असते. योग्य उपकरणातून पाहणाऱ्याला त्या रंगछटांवरून तेलाच्या थराची जाडी अजमावता येते.

माण-खटावकडच्या शेततळ्यांत मार्च-एप्रिलमध्ये पाणी कसं उडून जातं ते तिथल्या माणसाला सांगायला नको. १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियात जलाशयांवर सिटिल अल्कोहोल या मेणचट पदार्थाचा एका रेणूच्या जाडीचा थर पसरून बाष्पीभवन रोखायचे प्रयोग झाले. अडचण वाऱ्याची होती, तो थर ढकलून काठाला लावायचा. डोळ्यानं ती अडचण सोडवलीय, कारण दर चार-पाच सेकंदांनी पापणी थर नव्यानं सारवते. अर्थात इथे एक गुंता आहे. प्रयोगशाळेत भांड्यातल्या पाण्यावर पापणीचं तेल पसरलं, तर बाष्पीभवन फारसं कमी होताना दिसत नाही. उलट माणसांच्या डोळ्यांवर मोजलं तेव्हा तेलाचा थर नसलेल्या डोळ्यातून सुमारे चौपट पाणी उडताना आढळलं. हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. तेल पृष्ठताण कमी करून पाण्याचा थर सपाट धरून ठेवतं, एवढं मात्र बहुतेकांना मान्य आहे.

आता मूळ मुद्दा. आमच्याकडे थंडीत न्हाणीतली खोबरेलाची बाटली उलटी केली तर काही पडत नाही. ती गरम पाण्याच्या तांब्यात उभी करावी लागते. शेजारीच स्वयंपाकघरात शेंगतेल मात्र खळाळत असतं. दोन्ही तेलंच, मग एक गोठतं आणि दुसरं का नाही?

तेलाचे रेणू म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्या. साखळ्या सरळ असतील तर काडेपेटीतल्या काड्यांसारख्या एकमेकींना चिकटून रचल्या जातात आणि पदार्थ घट्ट होतो. खोबरेलात बहुतेक साखळ्या सरळ, पण आखूड. म्हणून ते साधारण २४-२५ अंशांना वितळतं. शेंगतेलात ओलिक आम्ल भरपूर. त्याच्या साखळीच्या मध्यावर दुहेरी बंध असतो आणि तिथे साखळी वाकते. वाकड्या काड्या पेटीत नीट बसत नाहीत, म्हणून शेंगतेल साताऱ्याच्या थंडीतही पातळच राहतं.

पापणीचं तेल ही याहून कसबी रचना आहे. त्यात मुख्यतः मेण-एस्टर आणि कोलेस्टेरॉलचे एस्टर (आम्ल आणि अल्कोहोल जोडून बनलेले रेणू) असतात आणि त्यांतल्या कित्येक साखळ्या चोवीस-सव्वीस कार्बनच्या किंवा त्याहून लांब. इतक्या लांब साखळ्या सगळ्या सरळ असत्या तर पापणीत मेणबत्ती तयार झाली असती. पण मेण-एस्टरांच्या एका टोकाला बहुधा तेच वाकडं ओलिक आम्ल जोडलेलं असतं आणि पुष्कळ साखळ्यांना शेवटाशी एक छोटा फुटवा असतो. वाकडेपणा आणि फुटवे मिळून रचना ढिली ठेवतात. त्यामुळे हे तेल खोबरेलासारखं एका ठरावीक अंशाला वितळत नाही. ते हळूहळू मऊ होत जातं आणि निरोगी माणसात साधारण २८ ते ३२ अंशांच्या आसपास वाहतं होतं. पापणीच्या कडेचं तापमान ३३-३४ च्या घरात असतं, कारण पापणी हा वाऱ्यावर उघडा असलेला पातळ पडदा. तिथे शरीराचे ३७ अंश पोचत नाहीत. म्हणजे सगळा खेळ दोन-चार अंशांच्या फटीत चाललेला असतो.

ग्रंथी बिघडल्या की तेलाची घडण बदलते आणि साखळ्या जास्त शिस्तीत उभ्या राहतात. वितळण्याचं तापमान काही अंशांनी वर सरकतं आणि ती फट मिटते. त्यातच नळीच्या तोंडाशी केराटिनचं, म्हणजे नखा-केसांतल्या प्रथिनाचं, बूच बसतं. मागे तेल तुंबतं, दाब वाढतो आणि वर्षानुवर्षं असंच चाललं तर ग्रंथी सुकून जाते. वय, रजोनिवृत्तीनंतरचे हार्मोनचे बदल, मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या ही काही कारणं. मोबाइलचाही हात आहे. पडद्याकडे पाहताना पापण्या लववणं निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतं, त्यातही कित्येकदा अर्धवट. पंप कमी मारला तर तेल कमी येणार.

मग उपाय खोबरेलाच्या बाटलीचाच: शेक. पण शेक देतो असं म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण नुसताच डोळ्यांना आराम देत असतात. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल दोन मिनिटांत थंड पडतो, कारण ओल्या कापडातून पाणी उडतं आणि उष्णता घेऊन जातं. शिवाय पापणीतलं वाहतं रक्तही उष्णता पळवतं. आतल्या ग्रंथींपर्यंत ४० अंश पोचायचे तर बाहेरून ४५ च्या आसपास उष्णता किमान पाच मिनिटं, खरं तर आठ-दहा मिनिटं टिकवावी लागते. टॉवेलच वापरायचा असेल तर दर दोन मिनिटांनी बदलावा. तांदळाची पुरचुंडी जास्त वेळ गरम राहते. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची, कारण पापणीची कातडी पातळ असते, सहज भाजते. शेकानंतर स्वच्छ बोटानं वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, कडेच्या दिशेनं हलकी निरपायची. बुबुळ दाबून चोळायचं नाही. नंतर कड स्वच्छ पुसायची. चार दिवसांत काही होत नाही. महिनाभर रोज केल्यावर फरक कळू लागतो आणि सोडलं की तेल पुन्हा घट्ट होतं.

वंगणाचे थेंब सोबतीला असतात. दिवसातून पुष्कळदा घालायचे असतील तर परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) नसलेले बरे. काहींना डॉक्टर डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकं देतात. त्यात जंतू मारण्यापेक्षा कडेची सूज आणि तेलाची नासाडी थांबवण्याचा हेतू जास्त असतो.

ओमेगा-३ च्या कॅप्सूलांचा मात्र भलताच बोलबाला आहे. २०१८ साली अमेरिकेत कोरड्या डोळ्यांच्या ५३५ जणांवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना वर्षभर रोज ३,००० मिलिग्रॅम ओमेगा-३ दिलं, काहींना ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूल. दोन्ही गटांना बरं वाटलं आणि दोन्हींत लक्षणीय फरक निघाला नाही. जवसाची चटणी खावी ती चवीसाठी.

आणि डोळ्यात झाडपाल्याचा रस पिळून "किडे" काढून दाखवणारे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यातही त्यांना गिऱ्हाईक मिळतं याचं वाईट वाटतं. ते किडे हातचलाखीनं येतात. बुबुळाला होणारी जखम मात्र खरी असते. मध, कांद्याचा रस आणि तूप यांनाही डोळ्यात जागा नाही. एका जुन्या घरगुती उपायाला मी अर्धे गुण देईन: तळहातावर बोट घासून ते रांजणवाडीवर टेकवणं. उष्णता द्यायची कल्पना बरोबर, फक्त ती एका सेकंदात विरते. पापणीतली न दुखणारी गाठ म्हणजे बहुधा हीच तुंबलेली ग्रंथी असते. मात्र वयस्कर माणसाला त्याच जागी पुन्हा पुन्हा गाठ येत असेल तर शेकत बसू नये. तिथला तुकडा काढून तपासून घ्यावा, कारण या ग्रंथींचा कर्करोग दुर्मिळ असला तरी तो सुरुवातीला रांजणवाडीचंच सोंग घेतो. दृष्टी अंधुक झाली, उजेड सोसेना किंवा जोराचा ठणका लागला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आई आता सकाळी आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की पुरचुंडी डोळ्यांवर ठेवते आणि बातम्या संपल्या की काढते. मार्चमध्ये डॉक्टरांनी पुन्हा पापणी दाबली तेव्हा खालच्या पापणीतल्या पाच-सहा तोंडांतून पातळ तेल आलं, बाकीची तशीच होती. रंगाचा थर आता सात सेकंद टिकतो. चार भिंतींवर मात्र ती अजून रुमाल घेऊनच जाते.