बटन दाबल्यावर मुस्तफा किती वेळाने उडी मारतो?

भाऊबीजेला दादा आला तेव्हा हॉलमध्ये फ्रिजशेजारी उभं असलेलं मशीन बघून त्याने चप्पलही काढली नाही, सरळ जाऊन जॉयस्टिक धरली. सहा महिने मी आणि सुतारकाकांनी मिळून बनवलेलं आर्केड कॅबिनेट, व्हिडिओ गेम पार्लरमध्ये असायचं तसंच, उभं राहून खेळायचं. दोन मिनिटं खेळला आणि म्हणाला, "एक नंबर झालंय गं, पण हा उडी उशिरा मारतोय."

हा म्हणजे मुस्तफा. नव्वदच्या दशकात मुंबईत वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको, भांडुपला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका गाळ्यात चार मशीन होती आणि गर्दी कायम एकाच मशीनपुढे. गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम या जपानी कंपनीने 1993 मध्ये काढलेला, पण त्यातल्या एका हिरोचं नाव मुस्तफा म्हणून अख्खा गेमच मुस्तफा झाला. दादा मुस्तफा घ्यायचा, मला हॅना, आणि तीही त्याच्याकडे रुपया उरला तर.

आता उशिरा म्हणजे किती उशिरा? मला तर काहीच जाणवत नव्हतं. पण मी पार्लरमध्ये बहुतेक वेळ मागे उभी राहून बघितलंय आणि दादाने तो गेम बोटांनी पाठ केलाय, त्यामुळे त्याचं म्हणणं उडवून लावावंसं वाटेना. मग मोजायचं ठरवलं. माझ्या मोबाइलचं स्लो मोशन सेकंदाला 240 फ्रेमचं आहे, म्हणजे एक फ्रेम साधारण 4.2 मिलिसेकंदांची. बोट आणि पडदा दोन्ही दिसतील असा मोबाइल स्टँडला लावला, उडीचं बटन वीसदा दाबलं, आणि मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे ढकलत मोजत बसले, बटन तळाला टेकल्यापासून मुस्तफाचे पाय जमिनीवरून सुटेपर्यंत. सरासरी 32 फ्रेम आल्या. म्हणजे 133 मिलिसेकंद, सेकंदाच्या आठव्या भागापेक्षाही थोडं जास्त. दादा बरोबर होता.

हा वेळ जातो कुठे ते शोधायचं तर बटनापासूनच सुरुवात करावी लागते. आर्केडच्या बटनाच्या बुडाला मायक्रोस्विच असतो आणि मला विचाराल तर अख्ख्या मशीनमधली सगळ्यात सुंदर वस्तू तीच. आत एक वाकवलेली पातळ धातूची पट्टी असते, बोट दाबत जातं तसा तिच्यात ताण साठत जातो, आणि ठरावीक हद्द ओलांडली की ती एका झटक्यात पलीकडे उलटते, डब्याचं फुगलेलं पत्र्याचं झाकण दाबल्यावर टक् करून आत जातं तसं. तोच तो टिक् आवाज. तुम्ही बटन हळू दाबा नाहीतर आपटा, कॉन्टॅक्ट जुळायचा वेग ती पट्टी ठरवते, तुमचं बोट नाही. फक्त धातूवर धातू आपटला की थोडा उसळतोच, फरशीवर पडलेली गोटी उसळते तसा, त्यामुळे पहिले एक-दोन मिलिसेकंद एकदाच दाबलेलं बटन चार वेळा दाबल्यासारखं वाटू शकतं. बटन दाबलं गेल्याचं कॉम्प्युटरला कळवणारे काही बोर्ड हे सगळं शांत व्हायची वाट बघतात, पाच-दहा मिलिसेकंद, आणि मग पुढे कळवतात. चांगला बोर्ड पहिला ठोका आला की लगेच कळवतो आणि नंतरच्या उसळ्यांकडे लक्ष देत नाही. काम एकच, पण एका पद्धतीत वेळ वाया जातो आणि दुसरीत जात नाही.

त्यापुढे यूएसबी. यूएसबीत बटनाचा बोर्ड स्वतःहून बोलत नाही, कॉम्प्युटर येऊन विचारतो तेव्हाच उत्तर देतो, दारात पोस्टमन आल्याशिवाय पत्र देता येत नाही तसं. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला माझा पहिला बोर्ड सेकंदाला 125 वेळा विचारला जायचा, म्हणजे दर 8 मिलिसेकंदांनी एक फेरी. नंतर घेतलेल्या बोर्डला सेकंदाला हजार फेऱ्या मिळतात. हा बोर्ड जेमतेम तळहाताएवढा, बटनांच्या वायरी खोचायच्या एवढंच काम, तरी त्यावर आधी कंजूषपणा केला याचं वाईट वाटलं.

मग येतो एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर. निकोला साल्मोरिया नावाच्या इटालियन प्रोग्रामरने 1997 मध्ये मेम नावाचा प्रोजेक्ट सुरू केला, जुन्या आर्केड मशीनच्या चिप्स कशा वागायच्या ते सगळं सॉफ्टवेअरमध्ये उतरवायचं, म्हणजे मशीन भंगारात गेलं तरी त्याचं वागणं उरेल. (एम्युलेटर फुकट आणि कायदेशीर आहे, पण गेमचे हक्क कंपन्यांचे असतात, त्यामुळे जे विकत मिळतं ते विकतच घ्यावं.) यात मला आवडणारी गोष्ट म्हणजे जुन्या मशीनचा संथपणासुद्धा जसाच्या तसा जपावा लागतो. 1978 च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये शत्रू मरत जातात तसे उरलेले जोरात धावतात, ते मुळात कुणी ठरवून केलेलं नव्हतं, शत्रू कमी झाले की बिचाऱ्या 8080 प्रोसेसरचं काम हलकं व्हायचं म्हणून वेग वाढायचा. आजच्या चिपचा वेग तिथे जसाच्या तसा सोडला तर तो गेम तो गेमच राहणार नाही.

आणि जुन्या मशीनमध्ये चित्राला थांबायला जागाच नव्हती. 1980 चा पॅकमॅन घ्या, पडदा 224 बाय 288, म्हणजे 64,512 ठिपके. एवढं अख्खं चित्र साठवून ठेवायची मेमरी त्या बोर्डवर नाहीच. पडद्याचे 8 बाय 8 चे चौकोन पाडलेले, आडवे 28 आणि उभे 36, एकूण 1008, आणि कुठल्या चौकोनात कुठलं चित्र एवढ्याच नोंदीसाठी 1024 बाइट. पिक्चर ट्यूबमधला इलेक्ट्रॉनचा झोत ओळीमागून ओळ काढत जायचा आणि त्या त्या ओळीचे रंग बोर्ड तिथल्या तिथे, त्याच क्षणी पुरवायचा. तयार चित्र कुठे रांगेत उभं नाही, म्हणून उशीरही नाही.

आपला एलईडी टीव्ही नेमका याच्या उलट. तो चित्र घेतो, दोन-तीन चित्रं जवळ ठेवतो, धार काढतो, हालचाल गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो, सिरियल बघताना कुणाच्या बापाला कळत नाही पण गेममध्ये लगेच कळतं. टीव्हीचा गेम मोड चालू केला आणि पुन्हा मोजलं, मोबाइलच्या 32 च्या 20 फ्रेम झाल्या. नुसत्या एका सेटिंगने 50 मिलिसेकंद वाचले! तुमच्याकडे टीव्हीवर कुणी गेम खेळत असेल तर आजच बघा.

खरी पिक्चर ट्यूबच का नाही लावली असं बरेच जण विचारतात. भंगारवाल्याकडे जुना टीव्ही मिळालाही होता. पण रंगीत ट्यूबला 20 हजार व्होल्टच्या वर लागतात, प्लग काढल्यावरही ट्यूब तो चार्ज धरून ठेवू शकते, आणि ज्याला ते काम येत नाही त्याने मागचं झाकण उघडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मी कॅबिनेटमधला एलईडी टीव्ही काढून 1280 बाय 1024 चा जुना ऑफिसमधला असतो तसला मॉनिटर बसवला, आणि तिथे एक छान गणित जुळलं. मुस्तफाचं चित्र 384 बाय 224 ठिपक्यांचं, पण ते 4:3 च्या ट्यूबवर दाखवायचं म्हणून तो ठिपका चौरस नाही, उभट आहे. चौरस समजून दाखवलं तर सगळे हिरो आडवे पसरतात. या मॉनिटरवर ठिपका रुंदीला 3 पट आणि उंचीला 4 पट केला की 1152 बाय 896 होतं, अगदी मापात बसतं, कडा फाटत नाहीत आणि मुस्तफा परत अंगाने सडपातळ होतो.

उरला एक बारीक धक्का. हा गेम सेकंदाला 59.63 चित्रं काढायचा आणि मॉनिटर 60 दाखवतो, त्यामुळे पावणेतीन सेकंदांनी एक फ्रेम दोनदा दिसते, रस्ता सरकताना डोळ्याला किंचित अडखळल्यासारखं होतं. गेमच 0.6 टक्के जोरात पळवला की ते जातं, आणि तेवढा फरक दादालाही कळला नाही.

शेवटचा उपाय ऐकून मला खरंच वाटेना. बरेच गेम बटन वाचल्यावर स्वतःच एक-दोन फ्रेम (मोबाइलच्या नाही, गेमच्या, सेकंदाला साठवाल्या) घालवतात. रनअहेड नावाच्या सोयीत एम्युलेटर गेमची सगळी स्थिती जपून ठेवतो, पडद्याआड एक फ्रेम पुढे खेळून घेतो आणि ते पुढचं चित्र आपल्याला दाखवतो, नंतर मागे येऊन जपलेल्या जागेपासून नव्या बटनासह पुन्हा तेच. सेकंदाला साठ वेळा भविष्यात डोकावून परत यायचं. कॅबिनेटमधल्या माझ्या रास्पबेरी पाय 4 या छोट्याशा कॉम्प्युटरला एक फ्रेम झेपली, जास्त लावलं तर मुस्तफाच्या उडीची पहिली चित्रंच गिळली जातात.

हे सगळं चालू असताना सुतारकाकांनी कंट्रोल पॅनल दुसऱ्यांदा करून दिलं. पहिल्यांदा जॉयस्टिक सरळ 18 एमएमच्या प्लायखाली लावली होती आणि दांडा वर जेमतेम बोटभर उरला होता, मग त्यांनी खालून राउटर (लाकूड कोरायचं मशीन) मारून तेवढी जागा 5 एमएमपर्यंत पातळ केली. मी पैसे वाचवायला एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड) म्हणत होते तर म्हणाले, "बाळा, दोन पावसाळ्यात कडा फुगतील, मग मला शिव्या देशील." वॉटरप्रूफ प्लायच घेतला, वर काळा सनमायका.

संक्रांतीच्या आधी पुन्हा मोबाइल लावला, पुन्हा वीस उड्या. 13 फ्रेम, 54 मिलिसेकंद.

संक्रांतीला दादा आला, तिळगूळ घेतला, मशीन चालू केलं. यावेळी उशीर, लेट, काहीच बोलला नाही. पहिल्या स्टेजचा बॉस पाडला आणि पडद्यावरची नजर न काढता डाव्या बाजूला सरकला, "ये ना, हॅना घे."