ब्लॅकमोर की मॉर्स? डीप पर्पलच्या गिटारवरून चालणाऱ्या वादाची पार्श्वभूमी

डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडच्या चाहत्यांमध्ये एक वाद गेली तीस वर्षे चालू आहे. बँडचा पहिला गिटारवादक रिची ब्लॅकमोर श्रेष्ठ, की 1994 मध्ये त्याच्या जागी आलेला आणि त्याच्यापेक्षा अधिक काळ टिकलेला स्टीव्ह मॉर्स? वरवर पाहता हा आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो आणि बऱ्याच वेळा तो त्याच पातळीवर लढवलाही जातो. मात्र दोन्ही बाजूंचे जाणते चाहते काय बोलतात ते नीट ऐकले, तर त्यांचा मतभेद एका नेमक्या मुद्द्यावर असल्याचे दिसते: जुने गाणे रंगमंचावर वाजवताना गिटारचा कोणता भाग जसाच्या तसा आला पाहिजे, आणि कोणता भाग वादकाने त्या रात्री नव्याने घडवला पाहिजे? डीप पर्पलच्या बाबतीत हा प्रश्न इतका टोकदार होण्याची कारणे ऑगस्ट 1972 मध्ये जपानात झालेल्या तीन कार्यक्रमांत सापडतात.

बँडची स्थापना 1968 मध्ये इंग्लंडमधील हर्टफर्ड येथे झाली. पहिल्या वर्षभरात त्यांचे संगीत कोणत्याही एका दिशेने जात नव्हते. 1969 च्या मध्यावर गायक इयन गिलन आणि बेसवादक रॉजर ग्लोव्हर दाखल झाले आणि ब्लॅकमोर, ऑर्गनवादक जॉन लॉर्ड व ड्रमवादक इयन पेस यांच्यासह तो संच पूर्ण झाला, ज्याला चाहते आजही ‘मार्क टू’ म्हणतात. (बँडच्या प्रत्येक संचाला क्रमांक देण्याची ही पद्धत इतकी रुळली आहे की अनेकांना कोणता अल्बम कोणत्या ‘मार्क’चा हे तोंडपाठ असते.) त्याच वर्षी 24 सप्टेंबरला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये लॉर्डने रचलेली ऑर्केस्ट्रासह वाजवायची रचना सादर झाली, तिची चर्चा झाली, पण ब्लॅकमोरला तो मार्ग रुचला नव्हता. 1970 च्या ‘इन रॉक’ या अल्बमपासून बँडने जो आवाज पत्करला, तो त्याच्या आग्रहाचा होता.

या आवाजाची एक तांत्रिक बाजू पुढील सगळ्या कथेला कारणीभूत आहे. लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन मार्शल अ‍ॅम्प्लिफायरमधून वाजवू लागला, त्यामुळे ऑर्गनला गिटारइतकाच खरखरीत आणि वजनदार आवाज मिळाला. एरवी एकच गिटार असलेल्या बँडमध्ये गिटारवादक सोलो (एकट्याने खुलवायचा भाग) वाजवू लागला की मागचा भराव पातळ होतो; इथे तो भराव ऑर्गन सांभाळत होता. परिणामी ब्लॅकमोरला ताल धरण्याच्या जबाबदारीतून मोकळीक मिळाली, आणि रंगमंचावर गिटार व ऑर्गन यांचे सवाल-जवाब दहा-दहा मिनिटे चालणे शक्य झाले. गिलनच्या चढ्या आवाजाशीही गिटारची अशीच चढाओढ होई. ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’ या गाण्यात ब्लॅकमोर एक हरकत वाजवी आणि गिलन ती गळ्यातून परत करी; त्या दोघांचे एकमेकांशी फारसे पटत नसे, हे लक्षात घेता त्या खेळातली धार अधिकच कळते.

असे कार्यक्रम रेकॉर्डवर पकडावेत असे बँडला सुरुवातीला वाटत नव्हते. पण 1970 च्या जुलैमध्ये जर्मनीतील आखेन येथे झालेल्या कार्यक्रमाचे चोरटे ध्वनिमुद्रण ‘एच बॉम्ब’ या नावाने बाजारात फिरू लागले आणि त्याला चांगली मागणी आहे हे उघड झाले. पुढे 1972 च्या ऑगस्टमध्ये बँड प्रथमच जपानला गेला, तेव्हा तेथील रेकॉर्ड कंपनीने केवळ जपानी बाजारासाठी थेट कार्यक्रमाचा अल्बम मागितला. बँडने होकार दिला, पण मार्टिन बर्च हा आपला ध्वनिमुद्रक असावा आणि प्रसिद्धीचा निर्णय आपल्याकडे राहावा, असा आग्रह धरला. 15 आणि 16 ऑगस्टला ओसाका येथे आणि 17 ऑगस्टला टोकियोच्या बुडोकानमध्ये आठ ट्रॅकच्या यंत्रावर तिन्ही कार्यक्रम मुद्रित झाले. ध्वनिमुद्रणाच्या मिश्रणाच्या (मिक्सिंगच्या) वेळी ग्लोव्हर आणि पेस एवढेच हजर होते. बाकीच्यांना या प्रकरणात फारसा रस नव्हता. स्टुडिओत नंतर काहीही भरले गेले नाही. ‘मेड इन जपान’ हा अल्बम डिसेंबर 1972 मध्ये ब्रिटनमध्ये आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत आला, तेथील लोकप्रिय अल्बमच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेला, आणि रॉकमधील थेट कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणाचा विषय निघाला की तेव्हापासून त्याचे नाव टाळता येत नाही.

या अल्बममध्ये नेमके काय आहे हे पाहिल्याशिवाय वाद समजत नाही. त्यातील चार गाणी ओसाकाच्या दुसऱ्या रात्रीची आहेत, दोन टोकियोची, आणि ‘स्मोक ऑन द वॉटर’ ओसाकाच्या पहिल्या रात्रीचे. ‘स्पेस ट्रकिन’ हे गाणे ‘मशीन हेड’ या स्टुडिओ अल्बममध्ये साडेचार मिनिटांचे आहे. इथे ते वीस मिनिटांच्या आसपास जाते आणि रेकॉर्डची अख्खी एक बाजू व्यापते. ‘लेझी’मध्ये ब्लॅकमोर मूळ चाल जेमतेम दाखवतो आणि बाकीचा वेळ तिच्या आजूबाजूने फिरतो, मध्येच आवाज इतका खाली आणतो की प्रेक्षकांतील हालचाल ऐकू येते, आणि मग एकाच फटक्यात परत उसळतो. हा सगळा भाग मोकळा आहे. पुढच्या कार्यक्रमात तो वेगळाच असे.

‘हायवे स्टार’ची गोष्ट मात्र उलटी आहे. त्यातील गिटारचा सोलो ब्लॅकमोरने ध्वनिमुद्रणाआधी स्वर न् स्वर बसवून लिहून काढला होता, आणि असे आपण क्वचितच करतो असेही त्याने सांगितले आहे. त्यातील तुटक स्वरांच्या धावत्या पायऱ्या बाखच्या संगीतातील स्वरसंगतींच्या क्रमावर बेतलेल्या आहेत. स्टुडिओत त्याने त्यावर दुसरी गिटार समांतर वाजवून सोलो दुहेरी केला. रंगमंचावर हात दोनच, त्यामुळे ती दुहेरी ओळ तिथे येऊ शकत नव्हती. ब्लॅकमोर सांगाडा राखून मधल्या जागा फोडत असे. ‘स्मोक ऑन द वॉटर’ची प्रसिद्ध रिफही (पुन्हा पुन्हा येणारी गिटारची छोटी ओळ) अशीच बांधीव आहे. जी मायनरमधील चार स्वरांची ही ओळ चौथ्या अंतराच्या (सा ते म इतक्या) जोड-स्वरांत आहे, आणि ब्लॅकमोर ती प्लेक्ट्रमऐवजी (तारा छेडायच्या छोट्या चकतीऐवजी) बोटांनी, दोन तारा एकदम खेचून वाजवत असे. गिटार शिकणारी मुले जगभर ती प्लेक्ट्रमने खरडतात, आणि कुणीतरी जुना चाहता त्यांना थांबवून चूक दाखवतो.

म्हणजे एकाच वादकाच्या कामात बांधीव आणि मोकळे असे दोन प्रकार शेजारी शेजारी होते. पण रेकॉर्डवर छापले गेले की सगळेच कायम होते. ज्या श्रोत्यांनी ‘मेड इन जपान’ शेकडो वेळा ऐकला, त्यांच्या कानांत ‘लेझी’मधील त्या एका रात्रीचा विस्तार ‘हायवे स्टार’च्या सोलोइतकाच पक्का बसला. मला या साऱ्या प्रकरणातील हा सर्वांत मोठा विरोधाभास वाटतो: सहसा एकच गोष्ट दोनदा न वाजवणाऱ्या माणसाचे तीन दिवसांचे वादन पुढच्या सर्व वादकांसाठी प्रमाण ठरले.

चाहत्यांनी मात्र नुसते ऐकून सोडले नाही. 1970 च्या दशकात इंग्लंडमध्ये डीप पर्पल अ‍ॅप्रिसिएशन सोसायटी उभी राहिली आणि तिच्या ‘डार्कर दॅन ब्लू’ या नियतकालिकाने बँडच्या ध्वनिमुद्रणांची बारकाईने नोंद ठेवण्याची सवय लावली. 1988 मध्ये स्टॉकहोम येथील नोव्हेंबर 1970 च्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण अधिकृतपणे आले. 1993 मध्ये जपानमधील तिन्ही रात्रींचा तीन सीडींचा संच निघाला, आणि मग एकच गाणे लागोपाठच्या तीन दिवसांत कसे बदलत गेले हे कोणालाही शेजारी शेजारी ठेवून पाहता येऊ लागले. ब्लॅकमोरच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुख्य पुरावा हाच संच असतो. गंमत अशी की मॉर्सच्या बाजूचे लोकही तोच पुरावा पुढे करतात: मूळ वादकच रोज बदलत होता, तर नंतरच्याने का बदलू नये?

1975 मध्ये ब्लॅकमोर बाहेर पडून रेनबो या स्वतःच्या बँडकडे वळला आणि त्याच्या जागी अमेरिकन टॉमी बोलिन आला. तो जॅझ-रॉककडून आलेला होता. ड्रमवादक बिली कॉबमच्या ‘स्पेक्ट्रम’ या 1973 च्या अल्बममधील त्याची गिटार ऐकूनच त्याचे नाव पुढे आले होते. डिसेंबर 1975 च्या जपान दौऱ्यात त्याचा डावा हात नीट चालत नव्हता, आणि लॉर्डचा ऑर्गन ती उणीव झाकत राहिला. नेमका त्याच दौऱ्यातील टोकियोचा कार्यक्रम पुढे ‘लास्ट कॉन्सर्ट इन जपान’ म्हणून विकला गेला, आणि बोलिनला हा बँड पेलला नाही असा निकाल लागला. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी फेब्रुवारी 1976 मधील लाँग बीच येथील कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध झाले. ते ऐकल्यावर हा निकाल घाईचा होता असे म्हणावे लागते. बोलिनला बाजू मांडायला वेळ मिळाला नाही. मार्च 1976 मध्ये बँड मोडला आणि त्याच वर्षी 4 डिसेंबरला मायामी येथे वयाच्या 25 व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला.

1984 मध्ये मार्क टू पुन्हा एकत्र आला. ‘परफेक्ट स्ट्रेंजर्स’ हा अल्बम यशस्वी झाला, पण गिलन आणि ब्लॅकमोर यांचे जुने वैर संपले नव्हते. 9 नोव्हेंबर 1993 रोजी बर्मिंगहॅम येथे चित्रीकरण चालू असताना ‘हायवे स्टार’ सुरू झाले तरी ब्लॅकमोर रंगमंचावर नव्हता. तो सोलोच्या सुमारास आला आणि नंतर कॅमेरामनच्या दिशेने त्याने पाणी फेकले. त्या रात्रीचे त्याचे काही वादन अत्यंत चांगले आहे, ही बाब त्याच्या चाहत्यांना जितकी सुखावते तितकीच विरोधकांना चिडवते. 17 नोव्हेंबरला हेलसिंकीत त्याने बँडबरोबर शेवटचे वाजवले. ठरलेला जपान दौरा अमेरिकन गिटारवादक जो सॅट्रियानी याने निभावला, 1994 च्या उन्हाळ्यात युरोपातही तो बरोबर राहिला, पण त्याची स्वतःची कारकीर्द जोरात होती, आणि कायमची जागा स्टीव्ह मॉर्सकडे गेली.

मॉर्सची घडण पूर्णपणे वेगळी. डिक्सी ड्रेग्ज या वाद्यसंगीत करणाऱ्या अमेरिकन बँडमधून तो पुढे आला होता आणि काही काळ कॅन्सस या बँडमध्येही होता. त्याच्या वादनात प्लेक्ट्रमची खाली-वर चाल प्रत्येक स्वरावर काटेकोर असते, त्यामुळे अतिवेगातही प्रत्येक स्वर सारख्या वजनाचा उमटतो. त्याच्या गिटारवर चार पिकअप (तारांचा कंप टिपणारे भाग) असत आणि त्यांच्या जुळणीतून तो नाना आवाज काढी. ब्लॅकमोरची स्ट्रॅटोकॅस्टर गिटार याच्या अगदी दुसऱ्या टोकाला: पडद्यांमधले लाकूड खोल कोरलेले, आघात असमान, मध्ये थांबे, आणि ऐवा टेपरेकॉर्डरमधून फिरवून आणलेला आवाज. ब्लॅकमोर पुढे काय करील याचा अंदाज येत नाही म्हणून श्रोता कान टवकारतो; मॉर्स काय करणार आहे हे कळले तरी ते इतके निर्दोष कसे होते याचे आश्चर्य वाटते. जुन्या चाहत्यांना हा निर्दोषपणाच खुपला. ‘स्मोक ऑन द वॉटर’आधी मॉर्स इतर बँडच्या प्रसिद्ध रिफची माळ वाजवी, त्यावर तर बरीच टीका झाली, आणि ती मला अनाठायी वाटत नाही. त्याउलट 1996 च्या ‘पर्पेंडिक्युलर’मधील ‘समटाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग’ हे गाणे पूर्णपणे त्याच्या स्वभावाचे आहे, आणि त्यातल्या गिटारची तुलना कोणाशी करण्याची वेळ येत नाही.

हा अल्बम येण्याआधीच, एप्रिल 1995 मध्ये, नवा संच भारतात येऊन गेला होता. मुंबईतील कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण ‘बॉम्बे कॉलिंग’ या नावाने उपलब्ध आहे. मॉर्सला दाखल होऊन तेव्हा काही महिनेच झाले होते, त्यामुळे जुनी गाणी तो कशी हाताळायला शिकला याचा हा आरंभीचा दस्तऐवज आहे. बांधीव जागी तो मूळ ओळीला चिकटून राहतो आणि मोकळ्या जागी आपली भाषा बोलू लागतो. मुंबईच्या त्या श्रोत्यांनी प्रत्यक्ष पाहिला तो मॉर्स, ब्लॅकमोर त्यांना ठाऊक होता तो कॅसेटवरचा.

भारताशी असलेला दुसरा धागा अधिक हृद्य आहे. अंतराळवीर कल्पना चावला डीप पर्पलच्या चाहत्या होत्या. कोलंबिया यानातून जाताना त्यांनी ‘मशीन हेड’ आणि ‘पर्पेंडिक्युलर’ या सीडी आणि त्यांच्यासोबत रेनबोची एक सीडी बरोबर नेली होती, म्हणजे दोन्ही गिटारवादकांना त्यांनी सोबत घेतले होते. कक्षेत असताना त्यांचा बँडशी ईमेलवरून संपर्क होता. 1 फेब्रुवारी 2003 रोजी यान कोसळल्याची बातमी कळल्यावर मॉर्सने ‘कॉन्टॅक्ट लॉस्ट’ ही छोटी, संथ गिटाररचना लिहिली आणि ती त्याच वर्षीच्या ‘बनानाज’ अल्बममध्ये आली. त्याच्या वेगावर आक्षेप घेणाऱ्यांनी ती ऐकावी. तिच्यात एकही अनावश्यक स्वर नाही.

2016 मध्ये बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले, तेव्हा सन्मानितांच्या यादीत ब्लॅकमोर होता, पण तो सोहळ्याला गेला नाही. मॉर्स तोवर दोन दशकांहून अधिक काळ बँडमध्ये असूनही यादीत नव्हता. वादाला यापेक्षा चांगले इंधन कोणी पुरवले नसते. 2022 मध्ये पत्नीच्या आजारपणामुळे मॉर्सने बँड सोडला आणि उत्तर आयर्लंडचा सायमन मॅकब्राइड आला. ब्लूजकडे झुकलेला त्याचा हात ब्लॅकमोरच्या घराण्याला अधिक जवळचा आहे, आणि 2024 च्या ‘=1’ या अल्बममध्ये गिटार व ऑर्गन यांची जुनी चढाओढ पुन्हा जाणवते. ब्लॅकमोरचे चाहते त्यामुळे समाधानी आहेत, आणि नवा वादक जुन्याची जागा भरून काढू शकत नाही, ही तक्रार आता मॉर्सचे चाहते करू लागले आहेत.