उदराचे जलद एमआरआय चित्रण आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

यकृत, पित्तनलिका, स्वादुपिंड, प्लीहा, मूत्रपिंड या उदरातील अवयवांचे चुंबकीय अनुस्पंदन चित्रण (एमआरआय) कमी वेळात व्हावे यासाठी, नेहमीपेक्षा थोडीच विदा (डेटा) गोळा करून तिच्यातून पूर्ण प्रतिमा उभी करण्याचे काम न्यूरल नेटवर्ककडे (उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणक-प्रणालीकडे) सोपवण्याचे तंत्र. गुडघ्याच्या चित्रणात वेळ वाचला तर सोय होते. पोटाच्या चित्रणात मात्र तपासणी साधणार की फसणार हेच पुष्कळदा वेळेवर ठरते. खानदेशात, विशेषतः सातपुड्याच्या पट्ट्यातील सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांसाठी, या तंत्राचे मोल मोठे आहे.

एमआरआय यंत्र कॅमेऱ्यासारखे क्षणात चित्र टिपत नाही. शरीरातील पाणी व चरबी यांतील हायड्रोजनकडून येणारे रेडिओ संकेत ते ओळीओळीने गोळा करते. या ओळींच्या तक्त्याला के-स्पेस म्हणतात. त्यावर फूरिये रूपांतर (संकेतांतून चित्र काढणारे गणित) केले की प्रतिमा मिळते. ओळी जितक्या जास्त तितका तपशील अधिक, आणि तितकाच वेळही. या काळात श्वासपटल खालीवर झाले की यकृत त्याच्याबरोबर सरकते आणि पोटावरच्या चरबीच्या फिकट सावल्या प्रतिमेभर उमटतात. म्हणून रुग्णाला १५ ते २० सेकंद दम धरायला सांगतात, आणि असे एका तपासणीत अनेकदा. पित्तनलिकांच्या चित्रणात (एमआरसीपी) पोटावर पट्टा बांधून श्वासाची लय पाहतात आणि उच्छ्वासानंतरच्या स्थिर क्षणीच विदा घेतात. त्यामुळे त्या एकाच चित्रमालिकेला काही मिनिटे जातात. श्वास अनियमित असेल तर ती लांबतच जाते. यकृतातील गाठीसाठी शिरेतून गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट औषध (गाठ उठून दिसावी म्हणून) देतात तेव्हा अडचण आणखी बिकट होते. रोहिणीतून औषध यकृतात पोहोचण्याचा टप्पा काही सेकंदांचाच असतो, यकृताचा कर्करोग पुष्कळदा नेमका त्याच टप्प्यात उठून दिसतो, आणि तेवढ्यात रुग्णाचा दम सुटला तर औषध पुन्हा दिल्याशिवाय तो टप्पा परत मिळत नाही.

वेळ कमी करण्याचे प्रयत्न एमआरआयइतकेच जुने आहेत. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये या पद्धतीच्या पहिल्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या, पीटर मॅन्सफील्ड यांनी १९७७ मध्ये अतिजलद चित्रणाची कल्पना मांडली, आणि दोघांना २००३ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. अनेक कॉइल (संकेत टिपणारी वेटोळी) एकाच वेळी वापरून काही ओळी गाळण्याची ‘सेन्स’ (१९९९) व ‘ग्रॅपा’ (२००२) ही तंत्रे रुळली. २००७ मध्ये लस्टिग, डोनोहो व पॉली यांनी ‘कॉम्प्रेस्ड सेन्सिंग’ (थोड्या मोजमापांतून गणिताने पूर्ण प्रतिमा काढण्याचे तंत्र) एमआरआयसाठी वापरून दाखवले. या सर्वांची मर्यादा एकच होती: ओळी फार गाळल्या की प्रतिमेत गोंगाट वाढतो किंवा अवयव एकमेकांवर चढलेले दिसतात.

इथे डीप लर्निंग, म्हणजे अनेक थरांच्या न्यूरल नेटवर्कला शिकवण्याची रीत, कामी येते. पूर्ण विदेपासून बनलेल्या असंख्य प्रतिमा आणि त्यांच्याच ओळी गाळलेल्या आवृत्त्या दाखवून नेटवर्कला शिकवले जाते. २०१८ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठ व फेसबुकच्या संशोधन विभागाने ‘फास्टएमआरआय’ प्रकल्प सुरू करून कच्ची विदा संशोधकांना खुली केली, त्यानंतर या कामाला वेग आला. जीईचे ‘एअर रिकॉन डीएल’, सीमेन्सचे ‘डीप रिझॉल्व्ह’, फिलिप्सचे ‘स्मार्टस्पीड’ ही त्याची बाजारात आलेली रूपे. चांगल्या पद्धतीत नेटवर्कला मोकळे रान नसते. त्याने सुचवलेली प्रतिमा प्रत्यक्ष मोजलेल्या ओळींशी पुन्हा पुन्हा ताडून पाहिली जाते. अशा रीतीने यकृताची टी-२ मालिका (द्रव उजळ दाखवणारी) एकाच दमात पूर्ण होऊ शकते. एक गोष्ट स्पष्ट हवी: ही पद्धत दम धरण्याचा काळ कमी करते, हललेले चित्र आपोआप सरळ करत नाही.

खानदेशात पोटदुखीची पहिली तपासणी सोनोग्राफीच असते, आणि तशीच असावी. मुतखड्यासाठी सोनोग्राफी वा सीटी पुरते. एमआरआयची खरी गरज सिकलसेलमध्ये दिसते. नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल, पावरा या समाजांत हा आनुवंशिक आजार बराच आढळतो. तांबड्या पेशी सतत फुटत राहिल्याने रक्तातले बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य वाढते, पित्ताशयात काळपट खडे होतात. अशा रुग्णाचे डोळे पिवळे झाले की डॉक्टरांपुढे पेच पडतो: ही कावीळ पेशी फुटल्याची, की खडा पित्तनलिकेत अडकल्याची? पहिलीत आधार देणारे उपचार करायचे, दुसरीत एंडोस्कोपीने खडा काढायचा. नळीच्या खालच्या टोकाचा खडा सोनोग्राफीत आतड्यातल्या हवेमुळे अनेकदा झाकला जातो. एमआरसीपीत पित्त स्वतःच पांढरेशुभ्र दिसते आणि खडा त्यात काळा ठिपका म्हणून कळतो; कॉन्ट्रास्ट औषधही लागत नाही. पण हाडे ठणकत असलेल्या, छाती भरून आलेल्या मुलाला बोगद्यात कित्येक मिनिटे एका लयीत श्वास घ्यायला सांगणे म्हणजे त्याच्या सोसण्याची परीक्षा पाहणे आहे. हीच मालिका एका दमात उरकता आली तर तपासणी पदरात पडते. वारंवार रक्त चढवलेल्यांच्या यकृतात साठणारे लोहही एका दमात घेतलेल्या अनेक-प्रतिध्वनी मालिकेने (तोच संकेत थोड्या थोड्या वेळाने अनेकदा टिपून) मोजता येते, सुई घालून यकृताचा तुकडा काढावा लागत नाही.

धडगाव वा अक्कलकुव्याहून घाट उतरून धुळे, जळगाव किंवा सुरत गाठलेल्या कुटुंबाला ‘चित्र नीट आले नाही, पुन्हा या’ हे वाक्य फार महाग पडते. बुडालेली मजुरी, गाडीभाडे, पुन्हा उपाशीपोटी प्रवास. एमआरआय वेगवान करण्याचा सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच आहे. एका दिवसात किती रुग्ण बसतात हा त्यानंतरचा. तरीही संगणकाआधी करायचे एक काम आहे. अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या रुग्णाला टेबलावर घेण्यापूर्वी, त्याच्या बोलीत, हात पोटावर ठेवून दम धरण्याचा सराव टेक्निशियनने करून घेतला पाहिजे. नवे सॉफ्टवेअर आले म्हणून हा सराव टळत नाही.

धोके खरे आहेत. ओळी अति गाळल्या तर नेटवर्क गोंगाटाबरोबर बारीक गाठही पुसून टाकू शकते, किंवा नसलेली रचना उभी करू शकते. आणि अशी प्रतिमा दिसायला नितळ असते, म्हणून चूक नजरेतून निसटते. विदेतल्या अगदी किरकोळ बदलानेही काही नेटवर्कच्या प्रतिमा बिघडतात, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. शिवाय लोहाने भरलेले यकृत एमआरआयमध्ये काळेकुट्ट दिसते. ज्या नेटवर्कने अशी यकृते क्वचितच पाहिली, त्याच्यावर लोहाच्या मोजणीत आंधळा भरवसा ठेवू नये. भारतात वैद्यकीय सॉफ्टवेअर हे वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७ च्या कक्षेत येते, पण परवाना मिळणे आणि सातपुड्यातल्या रुग्णावर खात्री पटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एमआरआय केंद्राने सुरुवातीच्या काही सिकलसेल रुग्णांत जुनी व जलद अशा दोन्ही मालिका घेऊन मापे ताडून पाहावीत, आणि कोणती मालिका कृत्रिम बुद्धिमत्तेने बांधली हे रिपोर्टमध्ये नोंदवावे, म्हणजे पुढच्या वर्षीचे माप आधीच्या मापाशी लावताना गफलत होणार नाही.