गेमिंग पीसीच्या कॅबिनेटचा आकार

सुटे भाग विकत घेऊन घरी जोडलेल्या संगणकात मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, वीज पुरवणारा एसएमपीएस, पंखे आणि ड्राइव्ह ज्या पत्र्याच्या पेटीत बसवतात तिला बाजारात कॅबिनेट म्हणतात. आत काय मावेल, हवा कशी खेळेल आणि ही पेटी घरात कुठे राहील, हे सगळे तिच्या आकारावर ठरते. पहिल्यांदाच पीसी जोडणारा बहुधा आधी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड घेतो, मग उरलेल्या पैशांत बसेल ते कॅबिनेट. पैशांच्या हिशेबाने हा क्रम वावगा नाही. मापे मात्र आधीच जुळवून पाहावी लागतात.

आकारांचे मूळ मदरबोर्डाच्या मापात आहे. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हे प्रमाण आणले. त्याचा पूर्ण बोर्ड ३०५ × २४४ मिमी असतो. १९९७ मध्ये मायक्रो-एटीएक्स आले, कमाल २४४ × २४४ मिमी. २००१ मध्ये व्हिया या कंपनीने १७० × १७० मिमीचे मिनी-आयटीएक्स आणले. मागच्या पोर्टांची जागा आणि स्क्रूची काही भोके तिन्हींत सारखी असल्यामुळे मोठ्या कॅबिनेटात लहान बोर्ड बसतो. लहान कॅबिनेटात मोठा बोर्ड बसत नाही. ग्राफिक्स कार्डासारख्या विस्तार कार्डांसाठी एटीएक्समध्ये ७, मायक्रो-एटीएक्समध्ये ४ आणि मिनी-आयटीएक्समध्ये एकच स्लॉट असतो. गेमिंगसाठी एक ग्राफिक्स कार्ड पुरते, म्हणजे या फरकाने फारसे काही अडत नाही. दुकानात ओळखायची सोपी खूण म्हणजे बोर्डाचे नाव: बी७६०एम, बी६५०एम अशा नावांतला ‘एम’ मायक्रो-एटीएक्स दाखवतो. मध्यम बजेटच्या पहिल्या पीसीत असाच बोर्ड बहुतेक वेळा येतो.

उभ्या कॅबिनेटांच्या मिनी टॉवर, मिड टॉवर, फुल टॉवर या नावांना असे कोणतेही प्रमाण नाही. एका कंपनीचा मिड टॉवर दुसरीच्या फुल टॉवरएवढा निघू शकतो. त्यापेक्षा लिटरमधले आकारमान पाहावे. मिड टॉवर साधारण ४० ते ५५ लिटरचे असतात, तर मिनी-आयटीएक्सची छोटी कॅबिनेटे २० लिटरच्या आत. कूलर मास्टरचे एनआर२०० हे या छोट्या गटातले नावाजलेले कॅबिनेट १८.२५ लिटरचे आहे.

बोर्ड बसला म्हणजे काम झाले, असा नवख्यांचा समज असतो. प्रत्यक्षात अडते ते ग्राफिक्स कार्ड. समजा, कॅबिनेटच्या खोक्यावर कार्डासाठी ३६० मिमी जागा लिहिली आहे आणि कार्ड ३२० मिमी लांब आहे. कागदावर ४० मिमी शिल्लक. आता पुढच्या बाजूला लिक्विड कूलरचा (प्रोसेसर द्रवाने थंड करणाऱ्या यंत्रणेचा) उष्णता बाहेर टाकणारा रेडिएटर लावला, तर रेडिएटरची जाडी साधारण २७ मिमी आणि त्यावरच्या पंख्याची २५ मिमी, मिळून ५२ मिमी गेले. उरले ३०८, म्हणजे कार्ड १२ मिमीने अडणार. मग रेडिएटर वर छताला लावायचा, आणि तिथे रॅमच्या उंच पट्ट्या आड येतात का ते बघायचे. कंपनीने लिहिलेल्या आकड्यात पुढचे पंखे धरले आहेत की नाहीत, हेही विचारून घ्यावे. सगळ्या कंपन्या सारखे मोजत नाहीत.

लांबीइतकीच रुंदी नडते. एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०९०, कंपनीच्या स्वतःच्या रचनेत, ३०४ मिमी लांब, १३७ मिमी उंच (बोर्डापासून बाजूच्या काचेकडे) आणि तीन स्लॉट जाड आहे. त्याच्या १६ पिनच्या पॉवर केबलला कनेक्टरपासून सुमारे ३५ मिमी सरळ जाऊ द्यावे आणि मगच वाकवावे, असे सांगितले जाते. १३७ अधिक ३५ म्हणजे १७२ मिमी; एवढी जागा बोर्ड आणि बाजूची काच यांच्यामध्ये नसेल तर झाकण लावताना काच केबलवर दाबली जाते. प्रोसेसरवरच्या एअर कूलरचेही तसेच. नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा १६५ मिमी उंच आहे, आणि अरुंद कॅबिनेटात १६० मिमीच्या पुढे जागा मिळेलच असे नाही.

पहिल्या जोडणीत आणखी एक माप लागते, जे कुठल्याच खोक्यावर छापलेले नसते: आपला हात. प्रोसेसरला वीज देणारी ८ पिनची केबल बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात लागते. मोठा कूलर बसवल्यानंतर तिथे बोटे जात नाहीत, म्हणून ती आधीच ओढून ठेवायची. बोर्डाखाली स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड पत्र्यापासून वर धरणारे पितळेचे छोटे खांब असतात. बोर्डाला भोक नाही अशा जागी एखादा राहिला तर तो मागच्या सांध्यांना टेकून शॉर्ट होऊ शकतो. मोकळ्या कॅबिनेटात अशी चूक दिसते आणि सुधारता येते. २० लिटरच्या आत तीच सुधारायला अर्धा पीसी पुन्हा उघडावा लागतो. शिवाय लहान कॅबिनेटांना अनेकदा एसएफएक्स या लहान मापाचा एसएमपीएस लागतो (१२५ × ६३.५ × १०० मिमी, नेहमीचा एटीएक्स १५० × ८६ मिमी आणि खोलीला १४० मिमी किंवा जास्त), आणि त्याच वॅटेजला तो महाग पडतो. मिनी-आयटीएक्स बोर्डही महाग, त्यात रॅमचे स्लॉट बहुधा दोनच. पहिल्याच खेपेला या वाटेला जाऊ नये, हे बरे.

मुंबईत या सल्ल्यावर पहिली हरकत जागेची येते. बीडीडी चाळीतली जुनी खोली १६० चौरस फुटांची. तिथे मिड टॉवर कुठे ठेवायचा? पण हिशेब करून पाहावा. ४५० × २२० मिमीचा मिड टॉवर टेबलावर ९९० चौरस सेंमी जागा घेतो, एनआर२०० सुमारे ७०० घेते. फरक ए-४ कागदाच्या अर्ध्या पानाहून कमी. जागा वाचते ती उंचीत, आणि टेबलाखाली किंवा कपाटाशेजारी उंचीची अडचण सहसा नसते. मुंबईकराने मधला मार्ग हवाच असेल तर ३० ते ४० लिटरचे, पुढे जाळी असलेले मायक्रो-एटीएक्स कॅबिनेट घ्यावे.

जमिनीवर ठेवायचे तर मात्र विचार हवा. बहुतेक आधुनिक कॅबिनेटांत एसएमपीएस तळाशी असतो आणि खालूनच हवा ओढतो. रोज लादी पुसणाऱ्या घरात ओल्या फडक्याचे पाणी आणि केर नेमका तिथे जातो. चार इंचांचा लाकडी पाट किंवा चाकांचा स्टँड पुरतो. तळमजल्यावर राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको: २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला तेव्हा कितीतरी तळमजल्यांत पाणी घुसले होते.

मोठे कॅबिनेट खोली थंड ठेवते, हा आणखी एक गैरसमज. पीसी ४०० वॅट वीज खात असेल तर तेवढी उष्णता खोलीत येणारच, पेटी केवढीही असो. मोठ्या पेटीत १२० किंवा १४० मिमीचे पंखे जास्त बसतात, ते सावकाश फिरतात आणि आवाज कमी होतो, एवढाच फायदा. एसी नसलेल्या खोलीत मे महिन्यात आत जाणारी हवाच ३३-३४ अंशांची असते. त्यामुळे समोर बंद काच आणि कडेला बारीक फट असलेली देखणी कॅबिनेटे इथे टाळावीत, जाळीदार घ्यावीत. जाळीमागे काढून धुता येणारा फिल्टर हवा. बांधकामे आणि रस्त्याची धूळ यांत तो महिन्याभरात राखाडी होतो. धुतल्यावर पूर्ण वाळवूनच लावायचा, आणि पावसाळ्यात त्याला वेळ लागतो. मागच्या रिकाम्या स्लॉटांच्या पट्ट्याही काढून टाकू नयेत. पाल आणि झुरळांना उबदार जागा लगेच सापडते.

खरेदीसाठी ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग, अजूनही सोयीचा आहे, कारण तिथे कॅबिनेट उघडून पाहता येते. टेप घेऊन जावे आणि मागच्या स्लॉटच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंत स्वतः मोजावे. दुकानदाराला त्यात काही वावगे वाटत नाही. मिड टॉवर रिकामाच ६ ते ९ किलोंचा असतो आणि खोका त्याहून ऐसपैस. संध्याकाळच्या लोकलमध्ये तो न्यायचा तर लगेजचा डबाच, नाहीतर टॅक्सी किंवा दुकानाची डिलिव्हरी. अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर राहणाऱ्यांनी खोका आणि आतले थर्माकोल माळ्यावर जपून ठेवावे. घर बदलताना बाजूची काच त्यातच सुखरूप जाते. जड ग्राफिक्स कार्ड मात्र आधी काढून त्याच्या वेगळ्या डब्यात न्यावे, नाहीतर टेम्पोच्या धक्क्यांनी मदरबोर्डाचा स्लॉट उखडू शकतो.