दही, पंजा आणि खासदार: ग्रीसमधल्या रागाची पार्श्वभूमी

अथेन्सच्या मध्यवस्तीत, पार्लमेंटपासून चालत दहा-एक मिनिटांवर, एक चौक आहे. नाव प्लातिया क्लाफ्थ्मोनोस. सरळ मराठीत, रडारडीचा चौक. एकोणिसाव्या शतकात ग्रीसमध्ये सरकार बदललं की सरकारी नोकरही बदलत. नव्या पक्षाची माणसं आत, जुन्या पक्षाची घरी. तेव्हा अर्थखात्याची कचेरी या चौकाजवळ होती. नोकरी गेलेले कारकून तिथे जमायचे, एकमेकांना गाऱ्हाणी सांगायचे, काहीजण खरोखर रडायचे. १८७८ साली एका लेखकाने थट्टेत या जागेला हे नाव दिलं, ते आजतागायत टिकून आहे.

२०१० ते २०१२ या काळात ग्रीसमधल्या खासदारांना हॉटेलात जेवायला जाण्याची चोरी झाली होती. कोणी शिव्या घालेल, कोणी अंगावर दही फेकेल, कोणी हात उचलेल, सांगता येत नव्हतं. जगभरच्या बातम्यांनी या रागाचं एक सोपं कारण दिलं: सरकारने खर्च कापला, लोक भडकले. ते खरंच आहे, पण कपात पोर्तुगालमध्येही झाली, आयर्लंडमध्येही झाली. तिथले लोकही चिडले, पण दोन बलाढ्य पक्ष काही महिन्यांत असे उन्मळून पडले नाहीत. ग्रीसचं वेगळेपण समजायचं तर मतदार आणि खासदार यांच्यातला जुना व्यवहार बघावा लागतो, आणि तो या चौकापासून सुरू होतो.

१९११ च्या घटनेने सरकारी नोकराला कायमपण दिलं. पंतप्रधान व्हेनिझेलोस यांच्या काळातली ही मोठी सुधारणा. सरकार पडलं तरी कारकून टिकू लागला. नोकरी पक्की झाली खरी, पण ती मिळवून देणारा दरवाजा मात्र खासदाराच्या कचेरीचाच राहिला. या व्यवहाराला ग्रीक शब्द आहे ‘रुस्फेती’. तुर्की ‘रुश्वेत’वरून आलेला, म्हणजे हिंदीतल्या ‘रिश्वत’चा सख्खा भाऊ. अर्थ मात्र लाचेपेक्षा सौम्य: मेहेरबानी, शब्द टाकणं. मुलाला वीज मंडळात चिकटवा, सैन्यात गेलेल्या पोराची पोस्टिंग घराजवळ करून द्या, बांधकामाच्या परवान्याचं तेवढं बघा. बदल्यात घरातली सगळी मतं. आमदाराच्या बंगल्यावर सकाळी बदलीची अर्जी घेऊन ताटकळलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको.

लष्करी राजवट १९७४ मध्ये कोसळली आणि त्यानंतर दोन पक्ष आळीपाळीने राज्य करू लागले. उजवीकडे न्यू डेमोक्रसी, डावीकडे समाजवादी पासोक. १९८१ मध्ये ‘आलागी’, म्हणजे बदल, या एका शब्दावर आंद्रेआस पापांद्रेऊ यांनी ४८ टक्के मतं घेतली. यादवी युद्धानंतर ज्या डाव्या घरांना सरकारी नोकरीची दारं बंद होती, त्यांच्यासाठी ती उघडली. हा न्याय होता, हे म्हटलंच पाहिजे. पण दार उघडलं ते पक्षाच्या चावीने, आणि पुढे दोन्ही पक्षांनी तीच चावी फिरवली. युरो आल्यावर कर्ज स्वस्त झालं. कर वसूल करण्यापेक्षा कर्ज काढणं सोपं होतं. श्रीमंत डॉक्टर-वकील कर चुकवत राहिले, सरकार डोळेझाक करत राहिलं, आणि वरकड कर्जाने भागत राहिलं.

मग आला ऑक्टोबर २००९. आंद्रेआस यांचे चिरंजीव जॉर्ज पापांद्रेऊ ४३.९ टक्के मतांनी निवडून आले. प्रचारात त्यांनी ‘लेफ्ता इपार्हून’ म्हणजे ‘पैसा आहे’ असं म्हटलं होतं. हे दोन शब्द त्यांच्या मानगुटीवर बसले ते कायमचे. सत्तेवर येऊन महिना उलटायच्या आत नव्या सरकारने सांगितलं की तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या १२ टक्क्यांवर आहे. पुढे हिशेब पुन्हा तपासले गेले तेव्हा ती १५ टक्क्यांच्याही वर निघाली. बाजाराने कर्ज देणं जवळजवळ थांबवलं. २३ एप्रिल २०१० रोजी पापांद्रेऊ तुर्कस्तानच्या किनाऱ्याला खेटून असलेल्या कास्तेलोरिझो या चिमुकल्या बेटावर उभे राहिले आणि टीव्हीवरून त्यांनी देशाला सांगितलं की आता युरोपीय देशांकडे आणि नाणेनिधीकडे मदत मागावी लागतेय. पाठीमागे निळं बंदर, रंगीत घरं, ऊन. बातमी दिवाळखोरीची आणि चित्र पर्यटनाच्या पोस्टरचं. ग्रीक माणूस आजही ‘कास्तेलोरिझो’ म्हणतो तेव्हा बेटाबद्दल बोलत नसतो.

११० अब्ज युरोंच्या कर्जासोबत कपातीच्या अटींचा एक करारनामा आला. लोक त्याला नुसतं ‘म्निमोनियो’ म्हणू लागले. ६ मे रोजी ३०० पैकी १७२ खासदारांनी त्याला होकार दिला. त्याच्या आदल्याच दिवशी संपाच्या मोर्चात एका बँकेच्या शाखेला आग लावली गेली आणि आतले तीन कर्मचारी मेले.

कपातीचे आकडे अब्जांत सांगितले की डोक्यावरून जातात. घरात काय झालं ते बघू. ग्रीसमध्ये पगार वर्षाला चौदा. बारा महिन्यांचे बारा, एक नाताळचा, आणि उरलेला अर्धा ईस्टरला, अर्धा उन्हाळ्याच्या सुट्टीला. पेन्शनही तशीच. आपल्याकडे दिवाळी बोनस गृहीत धरून लोक सोनं बुक करतात, तसं त्यावर घरभाडं, मुलांची फी आणि गावी जाणं ठरलेलं असायचं. २०१० मध्ये सरकारी नोकरांचे हे जादा पगार जाऊन त्याजागी ५००, २५० आणि २५० युरोंचे तीन ठरीव हप्ते आले, तेही ठराविक पगाराच्या आतल्यांनाच. २०१२ च्या अखेरीस तेही गेले. मूल्यवर्धित कर एका वर्षात १९ वरून २३ टक्क्यांवर चढला. फेब्रुवारी २०१२ मध्ये किमान वेतन २२ टक्क्यांनी खाली आलं: ७५१ युरोंचे ५८६ झाले. पंचविशीच्या आतल्यांना त्याहून कमी.

सगळ्यात झोंबला तो घरपट्टीचा प्रकार. सप्टेंबर २०११ मध्ये सरकारने घरांवर नवा कर बसवला आणि तो विजेच्या बिलात घातला. भरला नाही तर वीज तोडणार. लोकांनी त्याला लगेच नाव दिलं ‘हारात्सी’. हा ऑटोमन काळातला शब्द, बिगरमुस्लिम रयतेकडून सुलतान घेत असे तो कर. मध्ययुगीन इतिहासात आपण वाचतो तो ‘खराज’. निवडून दिलेल्या सरकारच्या कराला परक्या सुलतानाच्या कराचं नाव मिळालं, यातच सगळं आलं. टोलनाक्यांवर ‘देन प्लिरोनो’, म्हणजे ‘भरत नाही’, म्हणत लोक स्वतःच दांडा वर करून गाड्या सोडू लागले.

या सगळ्यात एक वाक्य रॉकेल ओतून गेलं. सप्टेंबर २०१० मध्ये उपपंतप्रधान थेओदोरोस पांगालोस यांनी पार्लमेंटमध्ये, ‘पैसे कुठे खाल्ले?’ या लोकांच्या प्रश्नाला उत्तर दिलं: ‘माझी ता फागामे’. आपण मिळून खाल्ले. आम्ही तुम्हाला नोकऱ्या लावल्या, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. ग्रीकमध्येही पैसे ‘खातात’, त्यामुळे हे वाक्य मराठीत आणताना काही म्हणजे काही करावं लागत नाही. माझ्या मते पांगालोस पूर्ण खोटं बोलत नव्हते. त्यांनी सांगितलेला व्यवहार खराच होता. पण ज्याच्या ताटात एक कारकुनी पडली आणि ज्याच्या ताटात पाणबुड्यांचे सौदे पडले, त्या दोघांना एका पंगतीला बसवणं हा हिशेब झाला नाही. पासोकचे एक संस्थापक आणि माजी संरक्षणमंत्री अकिस त्सोहात्झोपुलोस २०१२ मध्ये अटकेत गेले आणि संरक्षण खरेदीतल्या लाचेचा पैसा फिरवल्याबद्दल २०१३ मध्ये त्यांना वीस वर्षांची शिक्षा झाली. तोवर ‘मिळून खाल्ले’ ही शिवीच झाली होती.

राग मग अंगावर येऊ लागला. १५ डिसेंबर २०१० रोजी माजी मंत्री आणि न्यू डेमोक्रसीचे खासदार कोस्तिस हाजिदाकिस यांना मोर्चातल्या काही लोकांनी पार्लमेंटजवळ गाठलं. तोंडावरून रक्त ओघळतंय आणि ते एका इमारतीचा आसरा घेताहेत, ही छायाचित्रं सगळीकडे छापून आली. त्यांचा पक्ष तेव्हा विरोधात होता आणि करारनाम्याच्या विरोधात त्याने मत दिलं होतं. जमावाला तो फरक दिसेनासा झाला होता.

२५ मे २०११ पासून सिंटाग्मा चौकात, थेट पार्लमेंटसमोर, रोज संध्याकाळी हजारो लोक जमू लागले. झेंडे पक्षांचे नव्हते. वरच्या बाजूला, पायऱ्यांजवळ, लोक हाताची पाचही बोटं फाकून तळवा पार्लमेंटकडे रोखत आणि ‘क्लेफ्तेस!’ ओरडत. चोर! खालच्या बाजूला तंबू आणि रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या सभा. आपल्याकडे पंजा हे निवडणूक चिन्ह आहे; ग्रीसमध्ये उघडा पंजा समोर धरणं ही पार घाणेरडी शिवी. तिला ‘मूंझा’ म्हणतात. मूळ बायझंटाईन काळातलं सांगितलं जातं: गुन्हेगाराला गाढवावर उलटं बसवून, तोंडाला काजळी फासून गावातून फिरवायचे, ती काजळी म्हणजे मूंझा. तोंडाला काळं फासून गाढवावरून धिंड! हजारो मैलांवरच्या दोन समाजांना अपमानाची नेमकी तीच युक्ती सुचावी, याची मला गंमत वाटते.

दह्याचाही इतिहास आहे. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस अथेन्समध्ये टवाळ पोरं मोठ्या माणसांवर दही फेकून पळायची. सरकारने त्याविरुद्ध चक्क कायदा केला, आणि पकडलेल्या पोरांची डोकी भादरून रस्त्यातून फिरवलं. तो कायदा रद्द झाला १९८३ मध्ये, पासोकच्याच राज्यात. पन्नास वर्षांनी दही पुन्हा बाहेर आलं, आणि या वेळी फेकणाऱ्यांत पेन्शनरही होते.

मे महिन्याच्या अखेरीस एका रात्री गर्दीने पार्लमेंटचे दरवाजे अडवले तेव्हा काही खासदारांना मागच्या राष्ट्रीय उद्यानातून, अंधारात, पोलिसांच्या सोबतीने बाहेर काढावं लागलं. जून अखेरीस कपातीचा पुढचा टप्पा १५५ मतांनी पार पडला. बाहेर अश्रुधुराने चौक दिसेनासा झाला होता. २८ ऑक्टोबरला, मुसोलिनीला ‘नाही’ म्हटल्याच्या राष्ट्रीय दिनी, थेस्सालोनिकीत जमावाने संचलन रोखलं आणि राष्ट्राध्यक्ष कारोलोस पापुलियास यांना ‘देशद्रोही’ म्हणून परत धाडलं. हा गृहस्थ पोरवयात नाझींविरुद्ध लढलेला. तीन दिवसांनी पापांद्रेऊ यांनी नव्या कर्जाच्या अटींवर सार्वमत जाहीर केलं, युरोपने डोळे वटारले, सार्वमत मागे गेलं आणि त्यांची खुर्चीही. बँकेच्या जगातून आलेले लुकास पापादिमोस निवडणूक न लढवता पंतप्रधान झाले.

१२ फेब्रुवारी २०१२ च्या रात्री दुसऱ्या करारनाम्यावर मतदान झालं: बाजूने १९९, विरोधात ७४. दोन मोठ्या पक्षांनी आदेश मोडणाऱ्या आपल्या चाळीसहून अधिक खासदारांना त्याच रात्री काढून टाकलं. बाहेर जुन्या इमारती जळत होत्या. ‘आत्तिकोन’ हे देखणं जुनं सिनेमागृहही त्यात गेलं. एप्रिलमध्ये ७७ वर्षांच्या एका निवृत्त औषधविक्रेत्याने सिंटाग्मा चौकातल्या झाडाखाली जीव दिला. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत पेन्शन संपल्याचं लिहिलं होतं.

निवडणुकीत, ६ मे २०१२ ला, पासोक ४३.९ वरून १३.२ टक्क्यांवर आला. खासदार १६० चे ४१. न्यू डेमोक्रसीलाही १९ टक्क्यांच्या आतच समाधान मानावं लागलं. डावीकडे कपातीच्या विरोधातला सिरिझा हा पक्ष उसळला, आणि उजवीकडे ‘गोल्डन डॉन’ ही नव-नाझी टोळी, जिला २००९ मध्ये अर्धा टक्काही मतं नव्हती, २१ खासदार घेऊन आत आली. पुढे २०२० मध्ये न्यायालयाने तिला गुन्हेगारी संघटना ठरवलं. युरोपभर एखाद्या जुन्या पक्षाचा असा चुराडा झाला की त्याला आता ‘पासोकीकरण’ म्हणतात. पक्षाच्या नावाचा असा शब्द व्हावा, तेही या अर्थाने!

नाणेनिधीच्याच अर्थतज्ज्ञांनी जानेवारी २०१३ मध्ये मान्य केलं की कपातीचा अर्थव्यवस्थेला बसणारा फटका त्यांनी फार कमी धरला होता. तोवर बेकारी २७ टक्क्यांपर्यंत पोचली होती आणि देशाच्या उत्पन्नाचा जवळपास चौथा हिस्सा आटत आला होता.

याच २०१३ मध्ये १९११ चं कायमपण उलटं फिरलं. नोकर कमी करण्याचं लक्ष्य गाठायला सरकारने अर्थखात्याच्या ५९५ सफाई कामगार बायकांना घरी पाठवलं. बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या, पगार तुटपुंजा. कुठल्या खासदाराची चिठ्ठी त्यांच्या कामी आली नाही. त्या लाल रबरी हातमोजे घालून अर्थखात्याच्या दारात जाऊन बसल्या. पोलिसांनी ढकललं, पुन्हा आल्या. कोर्टात गेल्या. मोज्याचा लाल पंजा हे त्यांचं निशाण झालं, आणि तो त्यांनी मंत्र्यांच्या दिशेने कसा धरला असेल हे सांगायला नको.

जानेवारी २०१५ मध्ये सिरिझा ३६ टक्क्यांवर गेला, पासोक ४.७ वर. नवा पक्ष काढलेले जॉर्ज पापांद्रेऊ स्वतः निवडून आले नाहीत. सिरिझाने शब्द पाळला, सफाईवाल्या बायका वसंतात कामावर परतल्या. ५ जुलैला ६१ टक्के मतदारांनी कपातीच्या अटींना ‘नाही’ म्हटलं. १४ ऑगस्टला त्याच सिरिझाच्या सरकारने तिसरा करारनामा पार्लमेंटमधून मंजूर करून घेतला, जुन्या दोन्ही पक्षांच्या मतांच्या आधाराने. विजेच्या बिलातली हारात्सी तोवर ‘एन्फिया’ या नावाने कायमची घरपट्टी झाली होती. ती रद्द करू असं सिरिझाने सांगितलं होतं. ती आजही भरावी लागते.