पार्श्वभूमी : अक्षरामागची ठोकळा सावली

दुकानाच्या पाटीवरची देवनागरी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असू नयेत, अशी दुरुस्ती राज्याने २०२२ मध्ये केली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषा एकाच शहरात वाचायला मिळणाऱ्या सोलापुरात या नियमाने डिझाइनवाल्यांना कामाला लावलं. अक्षर मोठं झालं की त्यामागची सावलीही मोठी होते, आणि छोट्या पाटीत खपून गेलेली सावलीची गडबड मोठ्या पाटीवर लांबूनही दिसते.

इथे सावली म्हणजे धूसर, मऊ कडांची नव्हे. ब्लॉक शॅडो, म्हणजे ठोकळा सावली, एकरंगी, ठोस असते. अक्षर एका दिशेने सरळ ओढत नेलं तर त्याने जेवढी जागा व्यापली तेवढी. ही कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्सच्या टाइप फाउंड्रीने (छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखान्याने) १८१५ च्या सुमारास सावलीची अक्षरं ओतून विकायला काढली होती. जाहिरातीची भित्तिपत्रकं वाढत होती आणि भिंतीवर शेजारच्या कागदापेक्षा आपला कागद आधी दिसायला हवा होता. सोलापूरच्या होम मैदानावर सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते तेव्हा स्टॉल-स्टॉलवरच्या पाट्यांची गरज आजही हीच.

हाताने बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरसाठी ही सावली सोपी होती. अक्षराच्या प्रत्येक कोपऱ्यातून एकाच तिरकसपणाची रेघ काढायची, रेघांची टोकं जोडायची, मधला भाग भरायचा. गोलाईवर कोपरा नसतो. तिथे तिरकी रेघ गोलाईला जिथे नुसती चाटून जाते ती जागा डोळ्यानेच धरायची. थोड्या बिंदूंत काम संपायचं. रोमन अक्षरं लिहिणारे पाश्चात्त्य पेंटर बऱ्याचदा सावली डावीकडे खाली टाकतात, कारण बी, डी, पी, आर यांचा उभा दांडा डावीकडे असतो आणि त्याची बाहेरची कड मोकळी असते. देवनागरीत उलट आहे. प, ब, म, न, व, स, त, ग यांचा दांडा उजवीकडे, म्हणून उजवीकडे खाली टाकलेली सावली दांड्यालगत सरळ पट्टीसारखी उतरते. डावीकडे टाकली की ती थेट गाठीत आणि पोटात शिरते. इंग्रजी नमुना बघून मराठी पाटीची सावली ठरवतात, तिथेच निम्मं बिघडतं, असं माझं मत आहे.

संगणकाने हीच गोष्ट आधी अवघड करून टाकली. रेघांनी अक्षरं-चित्रं आखायचं सॉफ्टवेअर अॅडोबी इलस्ट्रेटर १९८७ मध्ये आलं, तसंच कॅनडातल्या ओटावाच्या कोरल कंपनीचं कोरलड्रॉ १९८९ मध्ये. ब्लेंड (दोन आकारांमध्ये मधल्या प्रती भरणारं) आणि एक्सट्रूड (आकाराला जाडी देणारं) ही साधनं लवकरच मिळाली आणि सावलीसाठी तीच राबवली गेली. अक्षराची प्रत काढायची, तिरकी सरकवायची, दोघांमध्ये शंभर पायऱ्यांचा ब्लेंड लावायचा आणि सगळं वेल्ड करायचं, म्हणजे जोडून एकच आकार करायचा. पडद्यावर हे ठीक दिसतं. झूम केलं की गोलाईच्या कडेला जिना दिसतो आणि नोड, म्हणजे कडेवरचे बिंदू, हजारांत जातात. एक्सट्रूड कड सरळ ठेवतं, पण प्रत्येक बाजूचा वेगळा तुकडा देतं. तुकडे जोडताना मध्ये केसाएवढ्या फटी राहतात. कोरलच्या आठव्या आवृत्तीत ड्रॉप शॅडोचं टूल आलं, पण ती सावली बिटमॅपची, म्हणजे ठिपक्यांची, कापायच्या कामाची नाही.

फ्लेक्सच्या जमान्यात याचं कुणाला फारसं वाटलं नाही, कारण फ्लेक्सचं मशीन शेवटी ठिपकेच छापतं. रेडियम, म्हणजे चिकट रंगीत विनाइल, कापणाऱ्याला मात्र वाटलं. प्लॉटरचं (कापणाऱ्या मशीनचं) ब्लेड प्रत्येक नोडपाशी दिशा बदलतं. जिना असेल तर ते जिनाच कापतं, आणि नको असलेलं रेडियम सोलून काढताना कड उचकटते. एसीपीच्या (अॅल्युमिनियम कंपोझिट पॅनेलच्या) बोर्डावर अॅक्रिलिकची अक्षरं लेझरने कापून बसवायची पद्धत वाढली तशी हीच तक्रार वाढली. (जॅकार्ड मागावर अक्षर विणायचं तर गोष्ट वेगळी. ताण्याबाण्याच्या चौकटीत तिरकी कड पायऱ्यांचीच होणार, त्यामुळे सोलापुरी चादरीवरचा जिना दोष धरू नये.)

कोरलड्रॉ २०१८ मध्ये ब्लॉक शॅडोचं स्वतंत्र टूल आलं, ते साइनबोर्ड आणि स्क्रीन प्रिंटिंगच्या कामासाठीच. ते अक्षराच्या प्रतींचा ढीग रचत नाही. सावलीची बाहेरची कड काढतं, कमीत कमी नोडमध्ये. म्हणजे पेंटर जे डोळ्याने करत होता तेच. इलस्ट्रेटरमध्ये आजही ट्रान्सफॉर्म इफेक्टच्या प्रती किंवा ब्लेंड करून युनाइट (तुकडे जोडणं), मग सिम्प्लिफाय (नोड कमी करणं), असा फेरा बऱ्याच जणांच्या हातात बसला आहे. फुकटच्या इंकस्केपमध्ये मोशन नावाचं एक्सटेन्शन बाजूचे तुकडे बनवून देतं. ते युनियन करून घ्यावे लागतात.

देवनागरीची अडचण टूलने आपोआप सुटत नाही. ‘सिद्धेश्वर’ हाच शब्द घ्या, सोलापुरात कुठल्या ना कुठल्या पाटीवर तो येतोच. श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये वेलांटी, मात्रा आणि अक्षर हे वेगवेगळे तुकडे असतात आणि शिरोरेषा एकमेकींवर किंचित चढलेल्या असतात. कर्व्ह केल्यावर, म्हणजे अक्षराचं रेघांच्या आकारात रूपांतर केल्यावर, चढलेला भाग कधी पांढरा पडतो, कधी जोडावर उभी रेघ राहते, आणि सावली तो दोष इमानदारीने खाली ओढते. म्हणून आधी वेल्ड, मग सावली. ‘द्धे’मधली पोकळी आधीच इवलीशी; सावलीची खोली (लांबी) थोडी वाढवली की ती चिमटून तिथे तांदळाएवढी फट उरते, जी ब्लेडला कापता येत नाही. अशा वेळी ब्लॉक शॅडो टूलमधला ‘रिमूव्ह होल्स’ पर्याय वापरून ती बुजवलेली बरी. शिरोरेषेची सावली तर सगळ्या शब्दाच्या वरच्या भागात उतरते, त्यामुळे सावलीची खोली शिरोरेषेच्या जाडीपेक्षा फार वाढवू नये.

‘ट्रिम’चा पर्याय विचार करून निवडावा. रेडियमवर रेडियम चढवायचं नसेल तर अक्षराखालची सावली कापून टाकणं योग्य. पिशवीवर स्क्रीन प्रिंटिंग करताना मात्र दोन रंग तंतोतंत बसत नाहीत आणि ट्रिम केलेल्या सावलीशेजारी कापडाची पांढरी रेघ डोकावते; तिथे सावली अक्षराखाली थोडी सरकलेली हवी. फाइल देण्याआधी सावली निवडून कोरलच्या स्टेटस बारमध्ये नोड किती दिसतात ते पाहावं. एका शब्दाला आकडा हजारात असेल, तर कुणीतरी अजून ब्लेंडच वापरतंय.